पुरावा कोणी द्यायचा?



भादव्यातल्या बैठकीत एका पोराने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. दिल्ली सरकारने बदनामीचं बिल मागे घेतलं, अशी बातमी होती. वाचून झालं तसे कोपऱ्यात बसलेले एक बाबा म्हणाले, "पेपरवाल्यांचं आन सरकारचं भांडाण. आपल्याला काय त्याचं? आपल्या वाडीत पेपर येतो तो भज्यांच्या खाली." सगळे हसले. मी पण हसलो. पण रात्री कंदील घेऊन घरी जाताना ते बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून या अंकाचं संपादकीय त्याच्यावर लिहितोय. दाव्यांची आणि हिरड्याच्या भावाची माहिती नेहमीसारखी आतल्या पानांवर आहे, ती आधी वाचली तरी चालेल.

आधी बिल काय होतं ते सांगतो. ३० ऑगस्ट १९८८ ला लोकसभेने ते झटपट पास केलं. त्या सभागृहात राजीव गांधींच्या पक्षाचे चारशेच्या वर खासदार, त्यामुळे हात वर करायला कितीसा वेळ लागणार! बोफोर्सच्या तोफांचं प्रकरण वर्षभर पेपरांत गाजत होतं, कागदपत्रं छापून येत होती, त्याचा राग या बिलात उतरला असं सगळीकडे बोललं गेलं. आता बदनामीचा गुन्हा आपल्याकडे काही नवा नाही. दंडविधानात ४९९ आणि ५०० ही कलमं इंग्रजांच्या काळापासून होती, दोन वर्षांची कैद होती. नव्या बिलात आणखी असं घातलं की कोणावर गुन्ह्याचा आरोप छापला तर तो खरा आहे हे छापणाऱ्याने सिद्ध करायचं. संपादकाने कोर्टात जातीने हजर राहायचं. खटला झटपट चालवायचा. म्हणजे दिल्लीच्या संपादकाला कोणी आडगावच्या कोर्टात फिर्याद करून तारखांना पळवलं तर त्याने पेपर काढायचा कधी?

मग मोठमोठे संपादक दिल्लीच्या रस्त्यावर उतरले. सप्टेंबरात एक दिवस देशभर पेपर बंद राहिले. शेवटी सरकारने माघार घेतली. चांगलं झालं. आपल्या संघटनेनेही जुन्नरच्या बाजारात पत्रकं वाटून या बिलाचा निषेध केला होता, हे पुष्कळांना माहीत नसेल, कारण त्याची बातमी कुठे आली नाही.

बाबांना पहिलं उत्तर हे, की तुम्ही हातात धरलाय तो कागदसुद्धा कायद्याने छापील कागदच आहे. १८६७ सालचा छापखान्यांचा कायदा १९८८ मध्ये चालू होता, त्यात छपाई या शब्दात सायक्लोस्टाईल धरलेलं होतं. आपण लोखंडी पेनाने स्टेन्सिल कापतो, रोलर फिरवतो, हात काळे करून घेतो, खाली "फक्त खाजगी वितरणासाठी" असं लिहितो. पण एखाद्या ठेकेदाराने कूपाच्या तोडीत किती झाडं जास्त पाडली ते आपण लिहिलं असतं, तर त्या बिलाखाली आपल्यालाही उभं केलं असतं. मोठ्या पेपराला वकील आहेत. आपल्याकडे एक स्टोव्ह, दोन रीम कागद आणि मी.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळं. त्या महिनाभरात मी जेवढे अग्रलेख वाचले त्या सगळ्यांत एक वाक्य फिरून फिरून येत होतं. आरोपीनेच आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचं, हा कुठला न्याय? लोकशाहीत असं कधी ऐकलंय का? वाचताना मला वाटलं, साहेब, ऐकलंय. आमच्या वाडीवर या. आम्ही तेच खातो, तेच पितो.

१९२७ चा वन कायदा घ्या. त्यात वनउपज म्हणजे काय, हे दुसऱ्या कलमात सांगितलंय. तिथे दोन याद्या आहेत. एका यादीतल्या वस्तू जंगलात सापडल्या किंवा जंगलातून आणल्या तर वनउपज होतात. झाडं, पानं, फळं, गवत, मध, असलं सगळं त्यात आहे. दुसरी यादी जरा वेगळी. तिच्यातल्या वस्तू जंगलातून आणलेल्या असोत की नसोत, त्या वनउपजच. लाकूड, कोळसा, कात, राळ, साल, लाख, मोहाची फुलं ही त्या यादीत आहेत. आणि त्याच यादीत हिरडा आहे.

परत एकदा वाचा. जंगलातून आणलेला असो वा नसो. म्हणजे तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत, तुमच्या पणज्याने राखलेल्या झाडाचा, तुमच्या बायकोने वेचलेला आणि अंगणात वाळवलेला बाळहिरडासुद्धा कायद्याच्या भाषेत वनउपज. आता त्याला ६९ वं कलम जोडा. वनउपज सरकारची आहे की नाही असा सवाल खटल्यात निघाला, तर ती सरकारचीच आहे असं कोर्टाने धरून चालायचं, जोवर उलटं सिद्ध होत नाही तोवर. सिद्ध कोणी करायचं? ज्याच्या डोक्यावर पाटी आहे त्याने. हिरड्यावर काय झाडाचं नाव लिहिलेलं असतं काय?

आहुपे, तिरपाड, आंबे, हातवीज, इंगळून, कुठल्याही गावात विचारा. उन्हाळ्यात आपल्या घरात जो रोख पैसा येतो तो हिरड्याचा. पावसाळ्याचं मीठमिरची, पोरांची पुस्तकं, लग्नाचं देणं, सगळं त्याच्यावर. त्या पाटीला नाक्यावर हात घातला की म्हातारी माणूस काय करते? गप उभी राहते. चूक केली म्हणून गप नाही राहत. बोलून उपयोग नाही, हे तिला आईने शिकवलंय म्हणून राहते. पेपरवाल्यांनी ज्याला व्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं ते आमच्या भाषेत एवढंच आहे, की आपल्या पाटीतला हिरडा आपला नाही हे दुसऱ्याने सिद्ध करावं, तोवर बाईला वाट मोकळी द्यावी.

जमिनीचंही तेच. १९७८ च्या डिसेंबरात आणि १९७९ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने हुकूम काढले, की ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जे वनजमीन कसतात त्यांची अतिक्रमणं कायम करावीत. आपले लोक खूश झाले. पण पुरावा आणा म्हणाले. दगडांचे बांध आहेत, पडकई आहे, आंब्याचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला हात पुरत नाही. हा पुरावा नाही. कागद पाहिजे. कागद कुठला? तर वनखात्याने कधी दंड केला असेल त्याची पावती.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचा आजा मवाळ माणूस. वरई-नाचणी निघाली की एक गार्ड यायचा. आजा त्याला पायलीभर नाचणी द्यायचा, एक कोंबडी द्यायचा, वर चहा पाजायचा. गार्ड म्हणायचा, बाबा तुमचं चालू द्या. शेजारचा माणूस मात्र तापट. त्याने गार्डाला शिव्या दिल्या, गार्डाने त्याच्यावर केस केली, दहा रुपये दंड केला आणि पावती फाडली. ती पावती त्याच्या बायकोने रागारागाने पत्र्याच्या ट्रंकेत टाकली. १९७९ मध्ये तीच पावती काढली आणि त्याचं नाव यादीत गेलं. आमचं गेलं नाही. भांडला त्याच्याकडे पुरावा. ज्याने गोडीत घेतलं त्याच्याकडे खाल्लेल्या कोंबड्यांची हाडंसुद्धा नाहीत. आजा मरेपर्यंत त्या शेजाऱ्याला म्हणायचा, "तुझ्या तोंडाने तुझी जमीन राखली बाबा."

मग २५ ऑक्टोबर १९८० ला दिल्लीचा वनसंवर्धन कायदा आला. वनजमिनीचं काहीही करायचं तर दिल्लीची परवानगी पाहिजे. राहिलेल्या फाईली तशाच राहिल्या. भीमाशंकरच्या बाजूला तर १९८५ ला अभयारण्य झालं. तिथे माणसाला आपण तिथेच जन्मलो याचाही पुरावा द्यायची पाळी येते की काय, असं वाटतं.

हे सगळं आजचं नाही. आपल्या भागातली सगळी जुनी भांडणं बघितली तर ती कागदाचीच निघतात. सावकाराकडे खत असायचं, त्यावर आपला अंगठा असायचा. खतात काय लिहिलंय ते सावकार सांगेल ते. कोर्टात खत म्हणजे पुरावा आणि आपलं तोंड म्हणजे वारा. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात कुणबी उठले. त्यांनी धान्य लुटण्यापेक्षा खतं हिसकावून जाळण्यावर जोर दिला. अडाणी माणसाला चांगलं कळत होतं की आपला गळा कुठे बांधलाय. त्याच सुमारास, त्याच्याही दोन वर्षं आधीपासून, जांभोरीच्या होन्या भागोजी केंगल्याने आपल्या डोंगरात सावकारांवर हत्यार उचललं होतं. सावकारांची नाकं कापली म्हणतात. त्याच्या डोक्यावर हजार रुपयांचं बक्षीस लावलं, पोलिसांची खास तुकडी लावली, तरी तो १८७६ पर्यंत सापडला नाही. एवढे महिने त्याला भाकरी कोण देत होतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

१८८५ साली पुणे जिल्ह्याचं सरकारी गॅझेटियर छापलं गेलं. त्यात होन्याची हकिगत आहे. पण त्यात तो टोळीचा म्होरक्या आहे. ज्याने पकडलं त्या साहेबाचं नाव नीट हुद्द्यासकट आहे. होन्याला भाकरी देणाऱ्या एकाही बाईचं नाव नाही. राघोजी भांगऱ्यांचंही तसंच. त्यांना २ मे १८४८ ला ठाण्याला फाशी दिली. ज्यांनी फाशी दिली त्यांच्या दप्तरात ते दरोडेखोर, आणि आपण त्यांचा फोटो नाही म्हणून चित्र काढून हार घालतो. शाळेत मला इतिहासात साठच्या वर मार्क होते. त्या पुस्तकात होन्या केंगले नव्हता. मी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते नाचणी मळताना, चुलत्याच्या तोंडून.

पण एक गोष्ट त्या काळातली नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे, ती शाळेत कोणी सांगत नाही. त्या उठावांनी सरकार हललं. चौकशीला कमिशन बसलं आणि १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात असं आलं, की कोर्टाने नुसत्या खतावर जाऊ नये. खताच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती, फेडलं किती, असा पहिल्यापासूनचा हिशेब बघावा. म्हणजे जो कागद दाखवत होता त्यालाच विचारलं, तुझा कागद खरा कशावरून? सावकारांनी त्यातूनही पळवाटा काढल्या, जमिनी गेल्याच, तो भाग वेगळा. पण पुराव्याचं ओझं एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर हलवता येतं, हे त्या वर्षी एकदा झालेलं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांनी करून दाखवलंय. मग ६९ वं कलम काय देवाने लिहिलंय?

आता पेपरवाल्यांकडे वळू. बाबांचा राग खोटा नाही. आपण उन्हाळ्यात तहसीलवर मोर्चा नेला. बाया लेकरं काखेत घेऊन कोपऱ्या-मांडव्याहून चालत आल्या होत्या, काहींच्या पायात चप्पल नव्हती. दुसऱ्या दिवशी एका पेपरात चार ओळी आल्या. त्यातल्या दोन ओळी मोर्चामुळे वाहतूक दोन तास खोळंबली याच्यावर. मागण्या काय होत्या, एक शब्द नाही. त्याच पानावर कांद्याच्या भावाला अर्धा कॉलम. कांद्याचा भाव छापू नये असं माझं म्हणणं नाही, आपलीही माणसं कांदा काढायला जातातच. पण बातमी देणारा जिथे चहा पितो तिथलीच बातमी येते, हे मला आता कळलंय.

तरी त्यांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभं राहायचं का? माझं उत्तर होय असं आहे. त्याला दोन कारणं सांगतो.

एक जुनं आहे. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या प्रकरणात बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर अडकले, शेवटी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. खटल्याच्या वेळी त्यांना दहा हजारांचा जामीन पाहिजे होता. तो दिला रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळीतल्या माणसाने, आणि फुल्यांच्याच सांगण्यावरून. केसरी काही फुल्यांचा पेपर नव्हता. त्यांचं आणि केसरीचं कधी पटलं नाही. तरी जामीन दिला आणि सुटल्यावर सत्कारही केला. आपलं न ऐकणाऱ्याचं तोंड बांधलं तरी आपण उठायचं असतं, हे त्यांना कळत होतं. आपल्याला कळायला हरकत नाही.

दुसरं कारण आणीबाणीचं. मी तेव्हा आश्रमशाळेत होतो, मला फक्त कवायत आणि नसबंदीची बोलणी आठवतात. जुनी माणसं अजून म्हणतात, आणीबाणीत सावकाराचं कर्ज सुटलं, गेलेली जमीन परत मिळायचा कायदा आला, एष्ट्या वेळेवर यायच्या, वाईट काय होतं? हे खोटं नाही. कर्जमुक्तीने आपल्यातली कितीतरी माणसं मोकळी झाली. पण त्याच २१ महिन्यांत कोणाला कशासाठी उचललं हे विचारता येत नव्हतं आणि पेपरात छापता येत नव्हतं. १९७६ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं, की आणीबाणी आहे तोवर बेकायदा डांबलेल्या माणसालाही कोर्टात दाद मागता येणार नाही. पाचांतल्या चार न्यायमूर्तींनी. एकटे खन्ना विरोधात गेले. मिळालेली जमीन पुन्हा गेली तर ते सांगायला तोंड पाहिजे. तोंड बांधून हातात दिलेली भाकरी कधी काढून घेतली ते शेजाऱ्यालाही कळत नाही.

आणि पेपरवाले सगळे सारखे नसतात. मुंबईच्या फुटपाथवरची झोपडी उठवायला लागले तेव्हा ऑल्गा टेलिस नावाच्या पत्रकार बाई झोपडीवाल्यांबरोबर सुप्रीम कोर्टात गेल्या. १९८५ च्या जुलैत निकाल लागला. घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क म्हणजे पोट भरण्याचाही हक्क, असं कोर्टाने म्हटलं. निकाल सगळा आपल्या बाजूचा नाही. नोटीस देऊन, म्हणणं ऐकून मग उठवता येईल, असंही त्यात आहे. पण जंगलातून आपल्याला उठवायला येतील तेव्हा हा निकाल हातात धरून विचारता येईल, की आमचं म्हणणं कुठे ऐकलं? हा निकाल सोप्या मराठीत करून पुढच्या अंकात देणार आहे.

इथपर्यंत लिहून मी थांबणार होतो. स्टेन्सिल संपत आली होती. पण मग जोतीरावांचीच आणखी एक गोष्ट आठवली आणि ती मला टोचायला लागली.

"शेतकऱ्याचा असूड" हे पुस्तक त्यांनी १८८३ मध्ये पुरं केलं. शेतकऱ्याच्या गायरानांवर, डोंगरांवर जंगलखात्याने कसा कब्जा केला, गरिबाच्या शेळीला चरायला जागा ठेवली नाही, हे त्यात शंभर वर्षांपूर्वी लिहिलंय. ते आधी मुंबईच्या "दीनबंधू"त छापायला सुरुवात झाली. दीनबंधू म्हणजे सत्यशोधकांचा स्वतःचा पेपर, संपादक नारायण मेघाजी लोखंडे, गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारा मोठा माणूस. पण दोन भाग छापले आणि पुढचे छापले नाहीत. भाषा फार कडक वाटली असेल, सरकारची भीती वाटली असेल. जोतीरावांनी पुस्तकात त्यांना भेकड म्हणून ठेवलंय. सरकारने छापू दिलं नाही असं झालं नव्हतं. आपल्याच माणसाने आपल्याच पेपरात छापलं नाही.

तर मंडळी, मीही दोन अंक एक पत्र छापलेलं नाही.

पत्र एका वाडीवरच्या विधवा बाईचं आहे. तिने सांगितलं आणि बालवाडीच्या ताईने लिहून दिलं. नवरा वारल्यावर त्याची एकसाली जमीन ती एकटी कसते. दिराला ती पाहिजे. गेल्या वर्षी दिराचा बैल मेला आणि बाईने करणी केली अशी आवई उठली. गावकी बसली. पंचांनी तिला विचारलं, तू करणी केली नाहीस हे कशावरून? तिला काही सांगता आलं नाही. कोण सांगू शकेल? पंचांनी पाचशे एक रुपये आणि एक बोकड दंड केला. बाईने हिरड्याचे पैसे आणि नाकातली नथ दिली. तरी पाणवठा वेगळा. पत्रात तिने शेवटी विचारलंय, की गार्डाच्या दंडाची निदान पावती मिळते, पंचांच्या दंडाची पावती मी कुठे मागू?

हे पत्र माझ्या पिशवीत आषाढापासून आहे. मी ते कमिटीत वाचलं. मोठे कार्यकर्ते म्हणाले, आत्ता नको. मोर्चे तोंडावर आहेत, ती वाडी आपली पक्की वाडी आहे, पंच आपल्याच मोर्चात पुढे असतात. शिवाय पेपरवाल्यांच्या हातात पडलं तर आदिवासी कसे मागासलेले, एवढंच छापतील. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे, मला तीच भीती जास्त होती. मी गप राहिलो. दोन अंक हिरड्याचे भाव छापले, वन कायद्याची कलमं छापली, आणि आरोपीनेच निर्दोष असल्याचा पुरावा द्यावा हा अन्याय आहे, असं मोठ्या अक्षरांत पत्रकावर लिहिलं. ती पत्रकं त्या वाडीवरही वाटली. बाईने वाचलं नसेल, तिला वाचता येत नाही. ताईने वाचलं असेल.

ओतूरच्या बाजाराला आपण सगळे जातो. त्याच ओतूरला १८८४ मध्ये बाळाजी कुसाजी डुंबरे पाटलांनी आपल्या घरचं लग्न भटाशिवाय, सत्यशोधक पद्धतीने लावलं. गावचे जोशी कोर्टात गेले. आमचा वंशपरंपरेचा हक्क बुडाला म्हणाले. खालच्या कोर्टातून वर, वरच्या कोर्टातून आणखी वर, असं करत भांडण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं आणि तिथे शेवटी सत्यशोधकांची बाजू लागू पडली. आपल्या घरचं लग्न कसं लावायचं हे ठरवायला एका माणसाला एवढी वर्षं भांडावं लागलं, आणि समोर सरकार नव्हतं, गावच होतं. डुंबरे पाटील जमीनदार होते, त्यांच्याजवळ कोर्टाला पैसे होते. या बाईजवळ एक पत्र आहे आणि ते माझ्या पिशवीत.

मी कमिटीला सांगितलंय, की हे पत्र या अंकात जाईल. दोघांचा विरोध आहे, तो मी इथे नोंदवतो. त्यांचं म्हणणं असं, की वाडी फुटली तर पुढच्या महिन्यात जुन्नरला माणसं कमी येतील. येतीलही कमी. पण ज्या मोर्चात एक बाई आपल्या भीतीने मागे चालते, तो मोर्चा तहसीलदाराला काय सांगणार, की आमच्यावर विश्वास ठेवा, पुरावा तुम्ही द्या?

पत्र पान चारवर आहे. बाईचं, दिराचं, पंचांचं आणि वाडीचं नाव काढलंय, बाकी एक शब्द बदललेला नाही. पंचांना आपलं म्हणणं लिहायचं असेल तर पुढच्या अंकात दीड पान मोकळं ठेवलंय, तेही जसंच्या तसं छापू. दिवाळीच्या आधीच्या बाजाराला मी ओतूरला स्टॅण्डजवळच्या नेहमीच्या टपरीवर दुपारपर्यंत असेन. लिहिता येत नसेल त्यांनी येऊन सांगावं, मी समोर बसून लिहून घेईन आणि वाचून दाखवीन. दंडाचे पैसे आणले तर पावतीपुस्तक पण माझ्याजवळ आहे.